हाडातला रॉड गंजतो का?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक तापाचे, दुसरे पडण्याचे. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, न्हाणीघरात पाय सरकतो आणि सत्तरीच्या आजींच्या खुब्याचे हाड मोडते. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत आंब्या-काजूच्या झाडांवरून पडलेले येऊन गेलेले असतात. माडावर चढणाऱ्या पाडेल्यांना तर बारा महिने धोका. पूर्वी मांडीचे हाड मोडले की पायाला वजन टांगून माणूस दोन-तीन महिने खाटेला खिळायचा. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ भरायचा, आणि म्हातारी माणसे हाडाने नव्हे, तर अशा अंथरुणाने जायची. आता कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, ओरोस किंवा बांबोळीला शस्त्रक्रिया होते, हाडात रॉड किंवा प्लेट बसते आणि पुष्कळ रुग्ण आठवड्याच्या आत घरी येतात.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न हमखास येतो. "डाक्टरांनू, आतलो रॉड गंजाचो नाय मां?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने विचारलेला तो अगदी शहाणपणाचा प्रश्न आहे. मालवण-देवबागकडे खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरतात, सायकलची साखळी लाल होते, दाराची बिजागरी निखळते. मग चोवीस तास ओल्या, उबदार आणि खारट जागी ठेवलेला धातू वीस-तीस वर्षे कसा टिकतो? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. आजच्या लेखात ती हकीकत पाहू. त्यात रुग्णाच्या उपयोगाचेही बरेच काही आहे.

शरीर म्हणजे खारे पाणी

सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असा आकडा छापलेला असतो. ते त्यातील मिठाचे प्रमाण. आपल्या रक्ताच्या खारटपणाशी जुळावे म्हणून ते तेवढे ठेवतात. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३.५ टक्के असतात. म्हणजे आपले शरीर समुद्राच्या चौथ्या हिश्शाइतके खारे. कर्लीच्या खाडीत भरतीचे पाणी नदीच्या पाण्यात मिसळते तेव्हा जे मचूळ पाणी होते, तसलेच म्हणा. त्यात ३७ अंशांची ऊब आणि रक्तातला प्राणवायू. लोखंड गंजण्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

आणि ते गंजतही असे. १८९० च्या दशकात लंडनमध्ये विल्यम आर्बथनॉट लेन या शल्यचिकित्सकाने मोडलेली हाडे पोलादी पट्ट्या व स्क्रू लावून जोडायला सुरुवात केली. हात कुशल होता, स्वच्छता कडक होती, तरी पट्ट्या आत गंजत. भोवतालचे मांस चिडे, स्क्रू सैल होत. शस्त्रक्रियेचे तंत्र तयार होते, पण धातू तयार नव्हता.

स्टीलचे न दिसणारे कवच

१९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादाच्या गावी हॅरी ब्रिअर्ली याने लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. तेच आपले स्टेनलेस स्टील. त्यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. क्रोमियमचाही हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो, पण लोखंडाच्या गंजासारखे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. उलट पृष्ठभागावर एक घट्ट, पारदर्शक कवच बसते. जाडी किती? माणसाच्या केसाच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी. ओरखडा पडला तर प्राणवायू मिळताच ते पुन्हा धरते. जखमेवर खपली धरावी तसेच. फरक एवढाच की ही खपली क्षणात धरते आणि गळून पडत नाही.

मग स्वयंपाकघरातल्या स्टीलचा रॉड करता येईल का? नाही. कोकमाचे आगळ आपण स्टीलच्या डब्यात न ठेवता काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवतो. आंबट आणि खारट पदार्थ स्टीलच्या कवचाला टोचतात आणि बारीक खड्डे पडतात, हे घरातल्या बायकांना अनुभवाने ठाऊक आहे. हेच शरीरात होऊ नये म्हणून हाडासाठीच्या स्टीलमध्ये क्रोमियम व निकेलबरोबर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात आणि कार्बनचे प्रमाण ०.०३ टक्क्यांपेक्षा खाली ठेवतात. व्यापारात त्याला ३१६ एल म्हणतात. वाचकांच्या ओळखीच्या अनेक रॉड-प्लेटा याच धातूच्या असतात.

१९३९ साली जर्मनीतील कील शहरी गेऱ्हार्ड क्युन्चर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत असा लांब रॉड प्रथम ठोकला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या मांडीत हे रॉड पाहून बाहेरचे डॉक्टर चकित झाले. आज आपल्याकडे होणाऱ्या रॉडच्या शस्त्रक्रियांचे मूळ तेथे आहे.

आपल्याच मातीतले धातू

या सगळ्या धातूंची नावे परकी वाटतात, पण त्यांचे दगड आपल्या पायाखालीच आहेत. लोहखनिज रेडीला आहे. क्रोमियम ज्यातून मिळते ते क्रोमाइट कणकवली तालुक्यात जानवली-वागदे भागात आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे आणि त्यातून टायटॅनियम मिळते. दगड हाती असणे वेगळे आणि त्यातून माणसाच्या शरीरात बसण्याजोगा धातू करणे वेगळे. मधले अंतर संशोधनाचे आहे.

टायटॅनियमची कथा तर योगायोगाची. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागाची नळी परत काढायला गेले, तर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. दुसरा एखादा 'प्रयोग बिघडला' म्हणून सोडून देता. ब्रोनेमार्क यांनी त्याचाच पाठपुरावा केला आणि १९६५ साली एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवून त्यांवर दात लावले. आज शहरांत 'इम्प्लांट'चे दात म्हणून जे बसवतात ते हेच.

टायटॅनियमचे आणखी दोन गुण आहेत. ते स्टीलच्या जेमतेम साठ टक्के वजनाचे असते. आणि ते थोडे लवते. हा दुसरा गुण महत्त्वाचा. स्टीलचा ताठपणा हाडाच्या साधारण दहापट असतो, टायटॅनियमचा त्याच्या निम्मा. फार ताठ पट्टी लावली की सगळा भार तीच उचलते आणि खालचे हाड आयते बसते. आयते बसलेले हाड विरळ होते. प्लॅस्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो ना, तसाच प्रकार. म्हणून 'जितके मजबूत तितके चांगले' हा हिशेब येथे चालत नाही.

दोन धातूंचे भांडण

ट्रॉलरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की बॅटरीसारखी वीज तयार होते आणि त्यातला एक झिजत जातो. जस्त झिजते, म्हणून पंखा वाचतो. शरीरातही हेच घडते. १९३७ साली अमेरिकेत व्हेनाबल आणि स्टक या डॉक्टरांनी प्राण्यांवर प्रयोग करून ते दाखवून दिले. एका धातूची पट्टी आणि दुसऱ्याच धातूचे स्क्रू बसवले तर भोवतालच्या हाडाला इजा होते. 'हा स्क्रू स्वस्त, तो चांगला' अशी मिसळ करू नये, हा नियम या प्रयोगांतून आला.

मग रॉड मोडतो कसा?

गंजण्याची भीती आता फारशी उरलेली नाही. पण रॉड मोडण्याची भीती खरी आहे, आणि तिच्याकडे रुग्ण सर्वांत कमी लक्ष देतो.

लोखंडी तार हाताने एकदा वाकवली तर मोडत नाही. तीच तार वीस वेळा पुढे-मागे वाकवली की तुकडा हातात येतो. तिच्यावर फार मोठा जोर पडत नाही, पण तोच जोर पुन्हा पुन्हा पडतो. धातूचे हे थकणे होय. आता चालण्याचा हिशेब करा. साधे घरकाम करणाऱ्या माणसाचाही एकेक पाय वर्षाला सुमारे दहा लाख वेळा जमिनीवर पडतो. प्रत्येक पावलाला मोडलेल्या जागी रॉड केसभर वाकतो. हाड जुळून आले की भार हाडाकडे जातो आणि रॉड सुटतो. हाड जुळलेच नाही, तर लाखो पावलांनंतर कोणताही रॉड, देशी असो वा परदेशी, शेवटी मोडतो.

म्हणजे ही शर्यत आहे. एका बाजूला हाडाचे जुळणे, दुसऱ्या बाजूला धातूचे थकणे. शल्यचिकित्सक रॉड घालतो तो हाडाला वेळ मिळावा म्हणून. मांडीच्या हाडाला तो वेळ साधारण तीन ते सहा महिने लागतो.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका तरुण पाडेल्याची हकीकत सांगतो. माडावरून पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, रॉड उत्तम बसला. सहा आठवड्यांनी दाखवायला बोलावले होते. दुखत नाही म्हणून तो गेला नाही. घरात कमावणारा तो एकटा. दहाव्या आठवड्यात तो पुन्हा माडावर चढू लागला. तंबाखूची चिमूट तोंडात होतीच. पाचव्या महिन्यात चालता चालता मांडीत कटकन आवाज झाला. एक्स-रेमध्ये रॉडचे दोन तुकडे आणि हाडातली फट, दोन्ही स्पष्ट दिसत होती. घरचे म्हणाले, "रॉड डुप्लिकेट घातलो." रॉड डुप्लिकेट नव्हता. हाड जुळायच्या आत त्याच्यावर सगळा भार पडला होता. दुसरी शस्त्रक्रिया झाली, कमरेचे हाड काढून फटीत भरावे लागले, आणि आणखी आठ महिन्यांची मजुरी बुडाली.

त्याला दोष देणे सोपे आहे. पण हातावर पोट असलेल्या माणसाला 'सहा महिने चढू नको' एवढेच सांगून भागत नाही. का चढायचे नाही, हे कळले तर तो आणि त्याच्या घरचे काही तरी वाट काढतात. म्हणून हा सगळा खुलासा.

तंबाखूचेही सांगितले पाहिजे. ओढायची असो वा मळायची, तिच्यातल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाडाला रक्त कमी मिळते. अनियंत्रित मधुमेहानेही हाड उशिरा जुळते. शर्यतीत आपणच आपल्या घोड्याचा पाय बांधल्यासारखे होते.

झिजणारे सांधे

मोडलेल्या हाडातला रॉड काही महिने भार वाहतो. बदललेल्या खुब्याला किंवा गुडघ्याला मात्र जन्मभर भार वाहायचा आणि शिवाय घासायचे. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या खोबणीसाठी टेफ्लॉन वापरले. न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच. घर्षण अगदी कमी. सुमारे ३०० रुग्णांना असे सांधे बसले, सगळे खूश झाले, आणि दोन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या भुकटीने सांधे सुजले. चार्नली यांना त्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. भुकटीचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी टेफ्लॉन आणि दुसरे एक प्लॅस्टिक स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली. दुसरे प्लॅस्टिक शांत राहिले. ते होते पॉलिथिन, पिशवीच्याच कुळातले, पण फार लांब साखळ्यांचे आणि चिवट. १९६२ पासून त्यांनी ते वापरले. आजही बहुतेक कृत्रिम सांध्यांत धातूच्या गोळ्याखाली किंवा पत्र्याखाली याच पॉलिथिनची सुधारित आवृत्ती असते.

नवे ते सगळेच चांगले नसते, याचा धडा अलीकडेही मिळाला. धातूवर धातू घासणारे काही खुबे टिकाऊ म्हणून बाजारात आले. त्यांतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरू लागले, आणि २०१० साली डिप्यु कंपनीला आपले 'एएसआर' नावाचे खुबे जगभरातून परत घ्यावे लागले. भारतातही ते बसवले गेले होते. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर टिकणे आणि माणसात टिकणे यांत फरक असतो, तो असा.

मराठी मुलखातले काम

परदेशी सांधे परदेशी माणसांच्या मापाने आणि सवयींनी केलेले. खुर्चीत बसणाऱ्याचा गुडघा आणि पाटावर मांडी घालून बसणाऱ्याचा गुडघा यांची मागणी वेगळी. हे ओळखून पुण्याचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस नी' हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा तयार केला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा पाय कापण्याऐवजी रोगट हाड काढून तेथे धातूचे मोठे हाड बसवतात. परदेशी बनावटीचे ते हाड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून तेथील शल्यचिकित्सकांनी देशातच बनवलेले वापरून पाहिले आणि अनेक तरुणांचे पाय वाचवले. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी संगणकावर अस्थिरोपणांचे आराखडे करण्याचे काम उभे केले. २०१४ साली तेथे 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले. अभियंते आणि डॉक्टर एका टेबलाशी बसून काम करतात, असे ते ठिकाण.

पुढचे पाऊल म्हणजे काम संपल्यावर आपोआप विरघळणारा धातू. मॅग्नेशियम हा शरीराला हवाच असलेला क्षार. त्याच्या मिश्रधातूचे, हळूहळू विरघळणारे स्क्रू २०१३ साली युरोपात मान्यता मिळवून वापरात आले. आपल्या देशातही यावर संशोधन चालू आहे. अडचण वेगाची आहे. हाड जुळण्याआधी स्क्रू विरघळता कामा नये. पुन्हा तीच शर्यत.

नेहमीच्या शंका

रॉड काढावाच लागतो का? मोठ्या माणसांत त्रास नसेल तर पुष्कळदा तसाच ठेवतात. वाढत्या मुलांत बहुधा काढतात. निर्णय शल्यचिकित्सकाचा.

एमआरआय करता येतो का? हाडासाठीचे ३१६ एल स्टील व टायटॅनियम लोहचुंबकाला ओढले जात नाहीत, म्हणून बहुतेकदा करता येतो. मात्र यंत्रात जाण्यापूर्वी सांगणे आवश्यक. विमानतळावर यंत्र वाजले तर घाबरू नये, कागद दाखवावा.

पावसाळ्यात वीज ओढून घेईल का? नाही. वीज सर्वांसाठी सारखीच. झाडाखाली कोणीच उभे राहू नये.

थंडीत ठणकते, ते गंजामुळे का? नाही. पण अनेक महिन्यांनी नव्याने दुखणे, सूज, ताप किंवा जखमेतून पाणी येणे मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. वालावलच्या तळ्याच्या पायऱ्यांवर जसा बुळबुळीत थर धरतो, तसा जंतूंचा थर धातूवर धरतो. त्या थराखालच्या जंतूंपर्यंत गोळ्यांचे औषध नीट पोहोचत नाही. अशा वेळी मलमपट्टी करीत न बसता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना गाठावे.

काय करावे?

१. शस्त्रक्रियेनंतर रॉड, प्लेट किंवा सांधा यांचे स्टिकर आपल्या कागदांवर लावून मागा. त्यावर धातू, बनावट आणि क्रमांक असतो. उद्या दुसरी शस्त्रक्रिया करायची वेळ आली किंवा कंपनीने माल परत मागवला, तर हाच कागद उपयोगी. रेशनकार्डाइतका जपून ठेवा.

२. बिल पाहा. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक कर, अशी कमाल किंमत ठरली. पुढे आकडे बदलत गेले, पण किंमत विचारण्याचा हक्क रुग्णाचा आहे. सरकारी योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे आधीच विचारा.

३. दुखत नाही म्हणजे हाड जुळले असे नव्हे. सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढाच. किती वजन टाकायचे, काठी कधी सोडायची, हे एक्स-रे पाहून ठरते.

४. तंबाखू बंद. साखर काबूत. जेवणात मासे, अंडी, कुळीथ, दूध यांपैकी जे परवडेल ते रोज.

५. मोडलेल्या ठिकाणी तेल लावून जोराने रगडून घेऊ नका.

धातू कितीही उत्तम असला तरी त्याला झीज भरून काढता येत नाही. ते फक्त हाडाला येते. आपल्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नव्याने घडत असतो. तो घडणारा कारागीर आत कामाला लागलेला आहे. रॉड ही त्याने उभी केलेली परांची. काम पुरे होण्याआधी परांचीवर सगळा संसार चढवू नका, एवढेच रुग्णाच्या हाती आहे, आणि ते पुष्कळ आहे.